पिल्लू घराबाहेर पडलंच नाही, मग पार्व्हो आला कुठून?

पत्र (थोडं छाटून):

डॉक्टर, आमचं पिल्लू गेल्या आठवड्यात पार्व्होने गेलं. सात आठवड्यांचं असताना आणलं होतं, तेव्हा एक डोस झालेला होता, दुसरा दहाव्या आठवड्यात होता, त्याच्या दोन दिवस आधी उलट्या सुरू झाल्या आणि मग रक्ताचे जुलाब. अ‍ॅडमिट केलं, सलाईन लावलं, चौथ्या दिवशी गेलं. ते एकदाही घराबाहेर गेलं नव्हतं, दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला भेटलं पण नव्हतं, मग आलं कुठून? मिस्टर बाहेरून येतात ते बूट घालूनच आतपर्यंत येतात, माझ्या डोक्यात तेच फिरतंय आणि त्यावरून आमची भांडणंही झालीत. डोस घेऊनही झाला म्हणजे लस बोगस होती का? घरात चार वर्षांची मांजर आहे, ऑपरेशन झालेली, लहानपणी लसी झाल्या, नंतर राहूनच गेल्या. सासूबाई म्हणतात मांजर कुणालातरी देऊन टाका आणि मुलीचं (वय सहा) रक्त तपासून घ्या, कारण त्यांच्या ग्रुपवर मेसेज आलाय की पार्व्हो माणसांना पण होतो. मी दिवसातून दोनदा सगळं घर सॅनिटायझरने पुसतेय. आणि मुलीला त्याच पिल्लाचा भाऊ हवाय, तो अजून पहिल्या घरीच आहे, ते द्यायला तयार आहेत. आणू का?

उत्तर:

ताई, आधी जे आजच्या आज ठरवायचंय ते सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचा. मांजर कुठेही द्यायची नाही. मुलीचं रक्त तपासायचं नाही. सॅनिटायझरने पुसणं बंद करा, हात दुखण्यापलीकडे त्यातून काही मिळत नाहीये. आणि तो भाऊ आत्ता आणायचा नाही, मुलगी कितीही रडली तरी.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आला कुठून. पार्व्हो हा कुत्र्यांच्या आतड्यावर हल्ला करणारा व्हायरस, त्याचं इन्क्युबेशन (म्हणजे अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) साधारण तीन ते सात दिवसांचं असतं, फार तर दोन आठवडे ओढा, आणि तुमचं पिल्लू आजारी पडलं तेव्हा ते तुमच्याकडे येऊन जवळजवळ तीन आठवडे झाले होते. म्हणजे पहिल्या घरून घेऊन आलं ही शक्यता बरीच कमी, व्हायरस तुमच्या घरातच त्याला भेटला. त्यासाठी आजारी कुत्रं समोर यायची गरजच नसते. आजारी कुत्र्याच्या शीमधून हा व्हायरस इतक्या प्रचंड संख्येने बाहेर पडतो की एका ग्रॅममध्ये कोट्यवधी असतात, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, वैताग) उलट्या-जुलाब सुरू व्हायच्या आधीपासूनच तो बाहेर पडायला लागतो, म्हणजे वरून ठणठणीत दिसणारं कुत्रं रस्त्याच्या कडेला शी करून जातं, पाऊस येतो, ती शी दिसेनाशी होते, व्हायरस तिथेच राहतो, घरात असेल तर महिनोन्महिने आणि सावलीतल्या ओलसर मातीत तर वर्षभरसुद्धा. मग त्यावर कुणाचा तरी पाय पडतो. बूट, चपला, पिशवीचा तळ, सायकलचं चाक, बाहेर दुसऱ्या कुत्र्याला कुरवाळून आलेला हात, माश्या, उंदीर, यातलं काहीही असू शकतं. तेव्हा मिस्टरांच्या बुटावरून आला असेल का, असेल. तुमच्या चपलेवरून आला असेल का, तितकाच असेल. कुणाच्या पायावरून आला हे आता कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही, त्यामुळे ते भांडण इथेच सोडा, बूट दाराबाहेर काढायची सवय मात्र सगळ्यांनीच लावून घ्या, पाहुण्यांसकट.

पण बुटावर व्हायरस असणं आणि पिल्लू आजारी पडणं या दोन गोष्टींमध्ये बरंच काही घडावं लागतं, आणि ते कळलं की तुमचे बाकीचे सगळे प्रश्न (मांजर, मुलगी, लस, भाऊ) जवळजवळ आपोआप सुटतात, म्हणून जरा लांबण लावते.

पिल्लू फरशी चाटतं, स्वतःचे पंजे चाटतं, बूट चावतं. व्हायरस तोंडात गेला. बहुतेकांना वाटतं की तो मग पोटात जातो आणि तिथून आतडं खराब करतो, तसं नाही होत. तो आधी घशातच थांबतो, टॉन्सिल आणि आसपासच्या लिम्फच्या टिश्यूमध्ये, तिथे स्वतःच्या कॉपीज काढतो, दोनतीन दिवसांत रक्तात उतरतो आणि मग रक्तातून सगळीकडे फिरत फिरत आतड्याला मागच्या बाजूने जाऊन भिडतो. म्हणून "काहीतरी खाल्लं असेल, पोट बिघडलं असेल" असं वाटण्याच्या दिवशी तो आधीच अंगभर पसरलेला असतो.

आता पेशीत शिरतो कसा ते बघा, मला विचाराल तर या व्हायरसची खरी करामत इथे आहे. हा अतिशय बारका आहे, व्यास सुमारे 25 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये चाळीस हजार ओळीने बसतील. त्याच्याकडे प्रोटीनचं एक कवच आणि आत डीएनएचा एक छोटा धागा, साधारण पाच हजार अक्षरांचा, बस. हात नाहीत, पाय नाहीत, स्वतःहून पोहणं नाही, काही शोधायची अक्कल नाही. रक्ताच्या प्रवाहात ढकलला जातो आणि ज्या पेशीच्या अंगावर त्याच्या कवचाला नेमकं चिकटेल असं प्रोटीन असेल तिथे चिकटतो. अशा प्रोटीनला रिसेप्टर म्हणतात. पार्व्होचा रिसेप्टर आहे ट्रान्सफेरिन रिसेप्टर, आणि तो पेशीने काही व्हायरससाठी ठेवलेला नसतो हो, तो तिच्या लोहासाठी असतो. रक्तातून ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन लोह घेऊन फिरत असतं, पेशी त्याला या रिसेप्टरने पकडते आणि एका छोट्या थैलीत गुंडाळून आत घेते. कुठल्या पेशींना लोह जास्त लागतं? ज्या भराभर वाढतायत, एकीच्या दोन होतायत त्यांना. म्हणजे त्यांच्या अंगावर हे रिसेप्टर जास्त. आणि पार्व्होला स्वतःचा डीएनए कॉपी करायची मशिनरी नसल्यामुळे नेमकी विभागणीच्या तयारीत असलेली पेशीच लागते. म्हणजे ज्या दारातून तो आत जातो ते दारच त्याला हव्या असलेल्या पेशींवर जास्त आहे. ठरवून कुणी केलं नाही, पण इतकं चपखल बसलंय की मला आजही नवल वाटतं.

पण आत शिरला म्हणजे जिंकला असंही नाही. पेशीने त्याला थैलीत घेतलंय, पेशीच्या मोकळ्या भागात नाही. त्या थैलीला एन्डोसोम म्हणतात आणि पेशी तिच्यातला आम्लपणा वाढवत नेते. साधारण असं बाहेरून आलेलं सामान या वाटेने शेवटी विरघळवलं जातं. पार्व्होचं कवच त्या आम्लपणात किंचित उलगडतं, आत लपलेला प्रोटीनचा एक तुकडा बाहेर येतो, आणि तो तुकडा चक्क चरबी तोडणारा एन्झाइम असतो, तो थैलीच्या भिंतीला भगदाड पाडतो आणि व्हायरस निसटतो. तिथून पेशीच्या आतल्या वाहतुकीच्या दोऱ्यांवरून न्यूक्लिअसपर्यंत, आणि न्यूक्लिअसमध्ये जाऊन... वाट बघत बसतो. पेशीने स्वतःचा डीएनए कॉपी करायला घेतला की तीच मशिनरी वापरून हा स्वतःची कॉपी काढून घेतो. पेशी विभागलीच नाही तर त्याचं काही चालत नाही.

आता हे कुठे कुठे घडेल ते बघा. आतड्याच्या आतल्या अस्तरावर बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, त्यांच्यावरच्या पेशी दोनचार दिवसांतच झडतात आणि खालच्या खोबणीत सतत नव्या बनून वर सरकत असतात. व्हायरस त्या खोबणीतल्या पेशी मारतो. वरच्या झडायच्या थांबत नाहीत, खालून नव्या येत नाहीत, दोनतीन दिवसांत अस्तर उघडं पडतं, पाणी राहत नाही, रक्त येतं. त्याच वेळी बोन मॅरोमध्ये पांढऱ्या पेशी बनवणाऱ्या पेशीही मरत असतात, म्हणजे आतड्यातले एरवीचे बॅक्टेरिया उघड्या भिंतीतून रक्तात घुसतात आणि त्यांना अडवायला कुणी नसतं. तुमचं पिल्लू यात गेलं असणार, पाणी कमी होणं आणि हे रक्तातलं इन्फेक्शन. तुम्ही अ‍ॅडमिट केलंत, सलाईन लावलंत, बरोबर तेच करायचं असतं, व्हायरस मारायचं हमखास औषध नाही, नवीन पेशी तयार होईपर्यंत शरीर तगवून ठेवायचं इतकंच हातात असतं. उपचार न केलेल्या पिल्लांपैकी बहुतेक जातात, नीट उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेक वाचतात, आणि तरी काही जातात. "अजून एक दिवस आधी नेलं असतं तर" हे पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत पण ओळींमध्ये दिसलं मला. उलट्या सुरू झाल्यावर तुम्ही थांबला नव्हतात.

लस बोगस होती का? बहुधा नाही. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईचं जे चिकाचं दूध पितं त्यातून आईच्या अँटीबॉडीज त्याच्या रक्तात येतात आणि सुरुवातीचे काही आठवडे त्याच त्याला वाचवतात. पण अँटीबॉडीला हे कळत नाही की समोर आलेला व्हायरस रस्त्यावरचा आहे की लसीतला कमजोर केलेला. ती दोघांनाही धरते. म्हणजे सहाव्या आठवड्यात लस दिली आणि तेव्हा आईच्या अँटीबॉडीज भरपूर असतील तर लसीतला व्हायरस पेशीपर्यंत पोचायच्या आतच संपतो, पिल्लाचं शरीर काही शिकतच नाही, कार्डावर मात्र टिक लागते. या अँटीबॉडीज साधारण दर नऊ-दहा दिवसांनी निम्म्या होत जातात, आणि मध्ये दोनतीन आठवडे असे येतात की उरलेल्या अँटीबॉडीज लसीला अडवायला पुरतात पण रस्त्यावरच्या ताकदवान व्हायरसला अडवायला पुरत नाहीत. तुमचं पिल्लू दहा आठवड्यांचं होत आलं होतं, अगदी या फटीत सापडलेलं. ही फट कुठल्या पिल्लात कधी उघडेल हे सांगता येत नाही, एकाच वेतातल्या भावंडांमध्येही फरक असतो कारण कोण किती दूध प्यालं त्यावर ते आहे. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत सोळा आठवड्यांपर्यंत जायचं असतं, शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. लोकांना वाटतं दुसरा तिसरा डोस म्हणजे पहिल्यावर चढवलेला पक्का रंग, खरं तर आपण फट कधी उघडते ते माहीत नसल्यामुळे पुन्हा पुन्हा दार ठोठावत असतो, कधीतरी एक डोस आत पोचेल म्हणून. "दोन डोस झालेत, आता फिरवा बिनधास्त" असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

आता मांजर. इथे सासूबाईंची काळजी अगदीच हवेतली नाहीये. कुत्र्यांचा पार्व्हो हा मुळात मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया नावाच्या आजाराच्या व्हायरसचा जवळचा नातेवाईक आहे, 1978 मध्ये तो कुत्र्यांमध्ये नवा म्हणून ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला, कारण तोवर कुठल्याच कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी नव्हती. मांजरांच्या व्हायरसला कुत्र्याच्या पेशीत शिरता येत नव्हतं कारण कुत्र्याच्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरवर साखरेची एक जास्तीची साखळी असते आणि ती मध्ये येते. व्हायरसच्या कवचातले मोजके अमिनो अ‍ॅसिड बदलले आणि त्याला ती साखळी चुकवून चिकटायला जमलं. एवढाच बदल, आणि त्यातून जगातल्या सगळ्या कुत्र्यांना नवा आजार. 1978 चा तो पहिला प्रकार उलट मांजरांमध्ये वाढत नव्हता, पण थोड्याच काळात त्याची जागा घेणारे जे प्रकार आले (2ए, 2बी, 2सी अशी नावं दिसतील रिपोर्टवर) त्यांना मांजरांमध्येही परत शिरता येतं. म्हणजे आज रस्त्यावर जो पार्व्हो आहे तो तुमच्या मांजरीला होऊ शकतो.

होऊ शकतो म्हणजे होईलच असं नाही. मोठी, निरोगी, लहानपणी लसी झालेली मांजर, पॅनल्यूकोपेनियाच्या लसीचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं आणि ते या कुत्र्यांच्या प्रकारांविरुद्धही बऱ्यापैकी चालतं. तरी नंतरचे डोस राहिलेत, त्यामुळे या आठवड्यात तिला दाखवून आणा, घरात पार्व्होची केस झाली हे फोनवरच आधी सांगा म्हणजे ते तुम्हाला वेटिंगमध्ये पिल्लांच्या शेजारी बसवणार नाहीत, आणि बूस्टरचं विचारा. पुढचे दोन आठवडे तिच्यावर लक्ष ठेवा, खाणं सोडलं, कोपऱ्यात बसून राहिली, उलटी झाली, अंग गरम लागलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, रक्तात पांढऱ्या पेशी मोजल्या की बरंच कळतं. काही मांजरं लक्षणं न दाखवताही शीतून व्हायरस टाकत राहतात म्हणून तिचा लिटर ट्रे रोज साफ करा आणि ती घाण बंद पिशवीत टाका. आणि देऊन टाकायचं म्हणाल तर, तिच्या अंगावर आणि पंजांवर आत्ता तुमच्या घरातला व्हायरस असू शकतो, तो तुम्ही अजून एका घरी पोचवाल, त्यांच्याकडे पिल्लू असलं तर? नकोच.

मुलीचं. ग्रुपवरचा मेसेज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच त्रासदायक आहे. माणसांना पार्व्हो होतो, पण तो वेगळा पार्व्हो, त्याचं नाव बी19. 1975 मध्ये लंडनमध्ये इव्हॉन कोसार्ट नावाच्या संशोधिकेच्या टीमला तो रक्ताच्या नमुन्यांमध्ये सापडला, त्या नमुन्याचा नंबर बी19 होता तेच नाव पडलं. तो माणसाकडून माणसाकडे जातो, मुलांचे गाल चापट मारल्यासारखे लाल होतात, बहुतेक वेळा आपोआप बरं होतं (गरोदर बाई किंवा रक्ताचा जुना आजार असलेलं कुणी घरात असेल तर ती वेगळी गोष्ट, त्यांनी डॉक्टरांना विचारावं). कुत्र्याचा तो नाही आणि कुत्र्याला तो होत नाही. आता तुम्ही मुलीचं रक्त नेऊन "पार्व्होची टेस्ट करा" म्हणालात तर लॅब बी19 चीच टेस्ट करेल, आणि निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या रक्तात बी19 च्या अँटीबॉडीज असतात, पुष्कळ मुलांच्याही असतात, म्हणजे पॉझिटिव्ह यायची चांगलीच शक्यता आणि त्याचा तुमच्या पिल्लाशी काडीचा संबंध नाही. मग तो रिपोर्ट घेऊन सासूबाई रात्रभर जागतील. म्हणून नको म्हटलं.

तरी एक गोष्ट लपवत नाही, कारण उद्या कुणीतरी ती तुम्हाला पाठवेलच. लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या काही पेशींना कुत्र्यांचा पार्व्हो चिकटू शकतो, आत शिरू शकतो, वाढूही शकतो, कारण माणसाचा ट्रान्सफेरिन रिसेप्टर त्याला चालतो. हे वाचून घाबरायला होतं खरं. पण लॅबमधल्या अशा पेशी बहुधा कॅन्सरच्या असतात, आणि काचेच्या डिशमधली कॅन्सरची पेशी सतत विभागत असते, तिच्याभोवती ना रक्त ना अँटीबॉडी ना पांढऱ्या पेशी, अख्ख्या माणसात गोष्ट फार वेगळी असते. इतक्या वर्षांत रोज असंख्य लोकांनी आजारी पिल्लं उचलली, त्यांची शी-उलटी साफ केली, आमच्या धंद्यातल्यांनी तर हातभर केली, आणि या व्हायरसने माणसं आजारी पडलेली नाहीत. दाराला हात लागणं म्हणजे इन्फेक्शन नव्हे, पुढच्या सगळ्या पायऱ्या जमाव्या लागतात, घशात वाढणं, थैलीतून निसटणं, योग्य पेशीत योग्य वेळी असणं, इम्युनिटीच्या हाती न लागणं, आणि मग तिथून पुढच्या माणसाकडे जाणं. यातली एक जरी बिनसली तर आजार नाही.

दुसऱ्या बाजूने कधी कधी सगळंच जमून जातं हेही खरं. कोव्हिडचा व्हायरस ज्या एसीई2 रिसेप्टरला चिकटतो तो पुष्कळ प्राण्यांमध्ये माणसासारखाच आहे, म्हणून 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधली वाघीण पॉझिटिव्ह निघाली, डेन्मार्कमध्ये फार्मवरच्या मिंक प्राण्यांमध्ये तो इतका पसरला की लाखोंनी मिंक मारावे लागले, आणि साध्या उंदराला मात्र तो सुरुवातीचा प्रकार होतच नव्हता, संशोधकांना माणसाचा एसीई2 घातलेले उंदीर वापरायला लागले. घोड्यांचा फ्लू 2004 मध्ये अमेरिकेत शर्यतीच्या कुत्र्यांमध्ये दिसला आणि तिथून कुत्र्यांचाच होऊन बसला. तेव्हा सासूबाईंना "प्राण्यांचं माणसांना होतच नाही" असं सांगू नका, ते खोटं ठरेल. व्हायरस कुठला ते विचारायचं.

आणि कुत्र्यामांजरांच्या बाबतीत ज्याला खरंच घाबरायचं तो रेबीज. त्याला विभागणाऱ्या पेशी लागत नाहीत, चावल्यावर लाळेतून स्नायूत जातो, स्नायू आणि नस जिथे जोडल्या जातात तिथल्या रिसेप्टरला धरतो, नसेत शिरतो आणि नसेच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो, बहुतेक वेळा यात आठवडे-महिने जातात. लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, पण तो मेंदूपर्यंत पोचायच्या आतला वेळ आपला असतो. चावलं, ओरखडलं की लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखान्यात. मांजरीचे बाकीचे डोस राहिलेत म्हणजे रेबीजचाही राहिलाच असणार, तोही विचारून घ्या.

आता साबणाचा विषय निघालाच तर तुमच्या सॅनिटायझरकडे येऊ. रेबीज, फ्लू, कोव्हिड, डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक व्हायरसचा आजार), या सगळ्यांच्या व्हायरसच्या अंगावर चरबीचं एक पातळ आवरण असतं, अल्कोहोलने किंवा साबणाने ते फाटतं आणि व्हायरस निकामी होतो. पार्व्होला ते आवरणच नाही, नुसतं घट्ट प्रोटीनचं कवच, अल्कोहोलने त्याचं काही बिघडत नाही, फिनेलसारख्या वासाच्या बऱ्याच फ्लोअर क्लीनर्सनेही नाही. त्याला लागतं ब्लीच. पण ब्लीच घाणीवर ओतलं तर घाणीतच खर्ची पडतं, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने स्वच्छ घासून धुवायचं, पाणी निपटायचं, मग घरगुती ब्लीच (बाटलीवर साधारण 5 ते 6 टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असेल ते) एक भाग आणि पाणी बत्तीस भाग असं त्याच दिवशी केलेलं मिश्रण लावायचं आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, लगेच पुसलंत तर उपयोग नाही. नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या. खिडक्या उघड्या, मांजर आणि मुलगी दुसऱ्या खोलीत, फरशी वाळल्यावरच आत. टॉयलेट क्लीनर, अ‍ॅसिड, अमोनिया यातलं काहीही ब्लीचमध्ये मिसळायचं नाही, विषारी गॅस होतो, मांजरीने कुठे शू केली असेल तर ती आधी धुवून मगच ब्लीच. स्टीलची भांडी अशीच करा. गादी, चावायची खेळणी, पट्टा, ज्यांना ब्लीच चालत नाही ते सरळ टाकून द्या, जीव तुटतो माहितीये, एखादा फोटो ठेवा पण पट्टा नको. हे एकदा नीट करा, एखाद्या आठवड्याने परत एकदा, रोज दोनदा करायची काही गरज नाही. अंगण किंवा माती असेल तर तिथे ब्लीचचा उपयोग नाही, ऊन आणि वेळ जे करेल तेवढंच.

राहिला भाऊ. तोही आत्ता अकरा आठवड्यांच्या आसपास असणार, म्हणजे नेमका त्याच फटीच्या वयात, आणि तुमचं घर कितीही घासलंत तरी सोफ्याच्या शिवणीत, दाराच्या चौकटीखाली काही उरलं नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. त्याला तिथेच राहू द्या. त्या घरच्यांना फोन करून आधी हे सांगा की तुमचं पिल्लू पार्व्होने गेलं, आणि त्याचे डोस चुकवू नका म्हणावं, सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरचा शेवटचा डोस झाला पाहिजे. त्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्या, शक्य असेल तर रक्तातल्या अँटीबॉडीची टेस्ट करून घ्या, त्यात लस लागली का ते कळतं, आणि मग आणा. म्हणजे अजून दोन महिने तरी. तोवर मुलीला त्याला भेटायचं असेल तर तेही थोडे दिवस नको, तुमच्या कपड्याचपलांवरून तुम्हीच त्याला व्हायरस पोचवाल, व्हिडिओ कॉल करा. आणि एवढं थांबवणार नसेल तर दुसरा रस्ता आहे, सगळे डोस झालेलं मोठं कुत्रं, दीड-दोन वर्षांचं, ते साफसफाई झाली की फारशी वाट न बघता आणता येईल. मुलीला पिल्लूच हवं असणार, पण विचारून तर बघा.